एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध: थिअरीची चौकट आणि विशीच्या आतला बाप

नर्सिंगच्या प्रबंधात एक पान असं असतं की ते गाईड बघते, बाहेरचा परीक्षक बघतो, पण वाचत कुणीच नाही. लिहिणारीही वाचत नाही, मागच्या बॅचच्या प्रबंधातून उतरवून घेते. हे पान म्हणजे कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क, अभ्यास कोणत्या थिअरीवर उभा आहे ते दाखवणारी आकृती, विभागातल्या भाषेत नुसती ‘चौकट’. लुडविग फॉन बर्टालान्फीची जनरल सिस्टिम थिअरी घ्यायची, तीन चौकोन काढायचे, त्यांत इनपुट, थ्रूपुट, आउटपुट (आत काय गेलं, त्याचं काय झालं, बाहेर काय आलं) लिहायचं. शेवटच्या चौकोनातून पहिल्याकडे तुटक रेषेचा बाण न्यायचा आणि खाली टीप द्यायची, की तुटक रेषेतला भाग या अभ्यासात समाविष्ट नाही. वर ‘सुधारित’ हा शब्द टाकला की पान तयार. सुधारणा नेमकी काय केली, असं तोंडी परीक्षेत विचारलं की पंचाईत होते. बर्टालान्फी जीवशास्त्रज्ञ होता, नर्सिंगचा नव्हता, हेही काहींना तेव्हाच कळतं.

पहिल्या वर्षाला ‘ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस’च्या पेपरासाठी नाइटिंगेल, पेप्लाऊ, हेंडरसन, ओरेम, रॉय, किंग, पेंडर अशी नर्सिंगच्या थिअरी मांडणाऱ्यांची सगळी रांग पाठ झालेली असते. दुसऱ्या वर्षी त्यातली एक निवडून चौकोनात बसवायची. ‘कोणती बसते?’ हाच प्रश्न असतो. ‘कोणती लागते?’ असं कुणी विचारत नाही.

आमच्या विभागात दोन प्रबंध शेजारीशेजारी चालले. एक होता परिचारिकांचा नर्सिंग थिअरीकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजणारा, प्रश्नावलीचा. दुसरा विशीच्या आत बाप झालेल्या मुलांच्या अनुभवांचा, मुलाखतींचा. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण पहिल्यात ज्या थिअरीवर अधिपरिचारिका फुली मारत होत्या, ती दुसऱ्यात उपयोगी पडली. दोन्ही कामं कशी होतात, कुठं अडतात, ते पुढे देतो आहोत.

‘थिअरी’ म्हणजे काय समजलात?

दृष्टिकोन मोजायचा तर पाच पर्यायांची लायकर्ट मापनपट्टी करायची: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. सोपं वाटतं. पहिला खड्डा शब्दातच आहे. वॉर्डात ‘थिअरी’ म्हणजे वर्गातले तास, आणि त्याच्या विरुद्ध ‘प्रॅक्टिकल’. ‘थिअरीचा वॉर्डात उपयोग होत नाही’ या विधानावर जी सिस्टर ‘पूर्ण सहमत’वर खूण करते, तिच्या मनात ओरेम नसते. तिच्या मनात असतं ते असं, की स्पंज बाथ शिकवताना दोन बेसिन, दोन टॉवेल आणि पडदा होता, आणि इथं चाळीस खाटांना ती एकटी आहे. तिचं म्हणणं खरंच आहे, फक्त आपला प्रश्न तो नव्हता. म्हणून ‘सिद्धांत’ लिहून पाहावं, तर गणिताचा तास आठवतो.

यावर उपाय म्हणजे प्रश्नावलीच्या डोक्यावर चार ओळींचा चौकोन. त्यात लिहायचं, की इथं नर्सिंग थिअरी म्हणजे वर्गातले तास नव्हेत. रुग्ण, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो याची ओरेम, रॉय, पेप्लाऊ, हेंडरसन यांनी केलेली मांडणी म्हणजे थिअरी. त्याखाली एक गाळणीचा प्रश्न: यातली कोणती नावं ऐकली आहेत? एकही ऐकलं नसेल, तर पुढच्या तीस उत्तरांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. हे फॉर्म फेकायचे नाहीत, वेगळा गठ्ठा करून वेगळे मोजायचे. नावांच्या यादीत एक खोटं नाव घालायची युक्तीही आहे. त्यावरही खूण करणाऱ्या निघतात, आणि मग बाकीच्या खुणांवर किती विसंबायचं याचा अंदाज येतो. मात्र ही युक्ती एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीला, आधी सांगावी लागते.

विधानं सुरुवातीला साठेक लिहायची, गाळून तीस उरतात. निम्मी होकारार्थी, निम्मी नकारार्थी. गाळताना तीन प्रकार हमखास सापडतात. पहिला, एकात दोन: ‘थिअरीमुळे नोंदी नीट होतात आणि रुग्णाशी संवाद वाढतो’. नोंदी होतात पण संवाद वाढत नाही असं जिला वाटतं, तिने खूण कुठं करायची? दुसरा, नकारावर नकार: ‘थिअरीशिवाय चांगली शुश्रूषा होत नाही असं मला वाटत नाही’. हे लिहिणारीलाही दोनदा वाचावं लागतं. तिसरा प्रकार फसवा असतो, कारण त्यात दृष्टिकोनाऐवजी ज्ञान मोजलं जातं. पेप्लाऊने परस्परसंबंधांची मांडणी १९५२ साली केली, याच्याशी ‘सहमत’ असण्यात दृष्टिकोन कसला?

भाषांतराचा एक घोटाळा मराठीचा खास आहे. ‘केअर’ला आपण काळजी म्हणतो, आणि ‘वरी’लाही काळजीच. काळजी घेणं वेगळं, काळजी करणं वेगळं, आणि काळजी वाटणं तिसरंच. ओरेमच्या ‘सेल्फ-केअर’ला नुसतं ‘स्वतःची काळजी’ म्हटलं, की उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी) करणारी व्यक्ती, जिने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं, ती त्याचं ‘स्वतःविषयीची चिंता’ करून पाठवू शकते. म्हणून क्रियापद सोडायचं नाही: ‘रुग्णाने स्वतःची काळजी स्वतः घेणं’. लांबतं, पण चुकत नाही. उलट भाषांतर हा सोपस्कार म्हणून शेजारच्या टेबलावर करून घेतलं, तर ही चूक हाती लागणारच नाही.

मग तज्ज्ञांकडे पाठवायचं. नऊ तज्ज्ञ घेतले, तर एखाद्या विधानाला नऊपैकी सात जणांनी ‘सुसंगत’ म्हटल्यावर त्याचा आशय-वैधता निर्देशांक (विधान विषयाला धरून आहे असं किती तज्ज्ञ म्हणतात त्याचं प्रमाण) ०.७८ येतो. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असताना हीच किमान पातळी धरतात. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं. अडचण आकड्याची नसते. सगळे तज्ज्ञ ओळखीचे, एकमेकांच्या विद्यार्थिनींचे फॉर्म एकमेकांना तपासून देणारे, त्यामुळे तीसच्या तीस विधानांवर बरोबरची खूण येते आणि निर्देशांक १.०० होतो. तो १.०० पाहून खूश व्हायचं नसतं. फॉर्ममध्ये ‘हे विधान कसं बदलाल?’ असा रिकामा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय फॉर्म परत घेऊ नका. काम तिथं होतं.

नमुना किती घ्यायचा याचं गणित यामानेच्या सूत्राने उरकतं. रुग्णालयात ३०० परिचारिका असतील आणि ५ टक्के चूक चालत असेल, तर ३०० भागिले १.७५, म्हणजे १७२. दहा टक्के फॉर्म कोरे किंवा अर्धवट येतात असं धरून १९२ छापा. जी.एन.एम. (पदविका), पोस्ट बेसिक (पदविकेनंतरची पदवी) आणि बी.एस्सी. यांचं रुग्णालयातलं प्रमाण पाहून त्याच प्रमाणात वाटा. नाहीतर नव्याने लागलेल्या बी.एस्सी. मुलीच उत्साहाने भरून देतात आणि निष्कर्ष त्यांचाच निघतो.

फॉर्म कधी आणि कुणाच्या हातून

सकाळपाळीत फॉर्म दिला तर तो इंजेक्शन ट्रेखाली जातो. राउंड, तपासण्या, डिस्चार्ज, नातेवाईक. दोन वाजेपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ नसतो. हँडओव्हरच्या वेळी तर मुळीच नाही, कारण तिथं दोन पाळ्यांच्या सिस्टर एकत्र असतात आणि एक फॉर्म चौघी मिळून भरतात. दुपारपाळीत साडेतीन-चारनंतर, भेटीची वेळ सुरू होण्याआधी, अर्धा-पाऊण तास मिळतो. रात्रपाळीत बाराच्या पुढे. तीस विधानांना बारा ते पंधरा मिनिटं लागतात. चार मिनिटांत परत आलेला फॉर्म न वाचता भरलेला आहे, असं खुशाल समजा.

फॉर्म परिसेविकेच्या (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरच्या) हातून वाटून तिच्याच हातून गोळा केले तर फार भाबडं काम होतं. सगळ्या ‘सहमत’. अधिसेविकेच्या (मेट्रनच्या) कार्यालयातून आलेला कागद म्हणजे तपासणी, हा वॉर्डाचा अनुभव आहे, आणि तो चुकीचा नाही. नाव नसलेला फॉर्म, पाकीट आणि ड्युटीरूमबाहेर कुलूपबंद पेटी, एवढं केलं तरी नूर बदलतो. संमतिपत्रावर सही असते, म्हणून ते फॉर्मला टाचायचं नाही, वेगळं गोळा करायचं. ही टाचणी पुष्कळांना महागात पडते. पहिल्या पानावर सही आणि दुसऱ्या पानापासून ‘निनावी’ असं कसं चालेल?

गुण भरताना नकारार्थी विधानं उलटी करायची असतात: एक्सेलमध्ये सहातून वजा, पाचाचा एक, चाराचे दोन. हे राहून गेलं तर क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७० च्या आसपास येण्याऐवजी खाली कोसळतो, कधी ऋणसुद्धा येतो. अशा वेळी घाबरून विधानं कापू नका. आधी उलटवायची कोणती राहिली ते बघा.

तीस विधानांचे गुण ३० ते १५० मध्ये बसतात, मधोमध ९०. जिने सगळीकडे ‘सांगता येत नाही’वर खूण केली तिला बरोबर ९० पडतात. आणि जी निम्म्या विधानांवर कडाडून बाजूने आणि निम्म्यांवर कडाडून विरोधात आहे, तिलाही ९०च. या दोघी एक नव्हेत. म्हणून बेरजेइतकंच प्रत्येक फॉर्ममधलं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं किती पसरली आहेत ते, पाहायला हवं. गुण उलटवण्याआधीच्या खुणांत शून्य विचलन असलेला फॉर्म म्हणजे नुसती उभी रेघ ओढलेली. ‘अनुकूल, मध्यम, प्रतिकूल’ अशी तीन टोपल्यांची वर्गवारी तर मनानेच ठरवलेली असते. पंचाहत्तर टक्के का आणि ऐंशी का नाही, याला उत्तर नाही. तीच गत काय-वर्ग चाचणीची (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते पाहणारी). अनुभवाचे पाच गट गुणिले तीन टोपल्या केलं की रकान्यात दोन-दोन बायका उरतात. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेलेले रकाने पाचव्या हिश्शाहून जास्त असतील तर गट एकत्र करा, नाहीतर फिशरची चाचणी लावा.

आणि तरीही या सगळ्यातून निघतं ते अर्धंच. वीस वर्षं सर्जिकल वॉर्ड केलेली सिस्टर ‘मी थिअरी वापरत नाही’ला पूर्ण सहमत असते. आता तिला तिसऱ्या दिवशीच्या रुग्णापाशी पाहा. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस, पहिल्या दिवशी तिने त्याचं तोंड स्वतः पुसलं. आज ती वाटीत पाणी धरते, ब्रश त्याच्या हातात देते आणि उभी राहते. तो म्हणतो, सिस्टर, तुम्हीच करा. ती ऐकत नाही, फक्त वाटी जवळ नेते. मुलगा पुढे होतो, त्यालाही अडवते. ओरेमच्या मांडणीत याला नाव आहे: पूर्ण भरपाईकडून (रुग्णाला जे जमत नाही ते सगळं परिचारिकेने करणं) अंशतः भरपाईकडे, आणि घरी जाताना आधार-शिक्षणाकडे. पॅट्रिशिया बेनरने १९८४ मध्ये नवखी ते निष्णात असे जे पाच टप्पे मांडले, त्यात शेवटच्या टप्प्यावरची परिचारिका नियम आठवून काम करत नाही, ती प्रसंग पाहते. मग तिला ‘थिअरी वापरता का’ विचारून काय मिळणार? आमच्या मते या मापनपट्टीच्या शेवटी असे दोन-तीन प्रसंग लिहून ‘तुम्ही काय कराल आणि का?’ असं विचारलंच पाहिजे. ते मोजायला कटकटीचं आहे, पण ‘का’च्या रकान्यातच खरी थिअरी सापडते.

एक कबुली द्यायला हवी. थिअरीचा राग हा बऱ्याचदा केअर प्लॅनचा, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या फाइलीत लिहायच्या शुश्रूषेच्या आराखड्याचा, राग असतो. निरीक्षण येणार म्हटलं की रात्रपाळीत बसून वीस फाइलींत एकच ‘वेदनेशी संबंधित अस्वस्थता’ उतरवायची. त्या कागदाचा रुग्णाशी संबंध नसतो, हे उतरवणारीला कळत असतं. ओरेम बिचारी फुकट बदनाम होते.

विशीच्या आतला बाप: आधी कायदा

दुसऱ्या प्रबंधाची गाडी सिनॉप्सिसलाच (मंजुरीसाठी द्यायच्या आराखड्यालाच) अडते, आणि अडायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार किशोरवय १० ते १९. पण आपल्याकडे १८ च्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध, नवऱ्याचा असला तरी, गुन्हा आहे. पत्नी १५ ते १८ ची असेल तर मिळणारी सूट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काढून टाकली. पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या कुणालाही तो विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावाच लागतो. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. यात संशोधकाला वेगळी सूट नाही. म्हणजे ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं माहितीपत्रकात लिहिलं आणि मुलाखतीत पत्नीचं वय सोळा निघालं, तर एक तर वचन मोडायचं नाहीतर कायदा.

म्हणून निवडीचे निकष असे बांधावे लागतात: गर्भधारणेच्या वेळी पती आणि पत्नी दोघांचीही १८ वर्षं पूर्ण, आणि बाळाच्या जन्मावेळी वडील विशीच्या आत. पतीचंही वय का, तर पॉक्सोत ‘बालक’ मुलगाही असतो. गर्भधारणेची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावरच्या शेवटच्या पाळीच्या तारखेत दोन आठवडे मिळवून काढायची. हिशेब केला तर बाळ झालं तेव्हा बापाचं वय साधारण १८ वर्षं ९ महिने ते २० च्या आत, एवढीच सव्वा वर्षाची फट उरते. मुलाचं लग्नाचं वय २१, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ इथंही लागू आहेच. मात्र सज्ञान मुलीशी लग्न करणाऱ्या १८ ते २१ च्या मुलाला त्याच्या कलम ९ खाली शिक्षा नाही, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. एथिक्स कमिटीतल्या वकील सदस्यांपुढे हे सगळं तारखांसकट मांडावं लागतं. तोंडी सांगून भागत नाही.

या निकषांमुळे नेमके ज्यांचे हाल जास्त, तेच अभ्यासाबाहेर जातात. ही मर्यादा प्रबंधात ठळक लिहायची, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाही. ‘वय विचारूच नका, कळलंच नाही म्हणा’ असा सल्ला देणारे भेटतात. तो घेऊ नये. त्यापेक्षा मुलाखतीआधी सरळ सांगावं: लग्नाची तारीख आणि पत्नीचं वय मी विचारणार नाही. पण तुमच्याकडून ती तेव्हा अठराच्या आत होती असं कळलं, तर मला ते कळवावं लागेल. हे ऐकून कुणी उठून गेला तर जाऊ द्यावं. संमतिपत्राचं काम तेच आहे. कागदावरची वयं आणि खरी वयं यांत फरक असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून आधार कार्डाबरोबर शाळा सोडल्याचा दाखलाही पाहायचा.

तो सापडतो कुठं

रुग्णालयात सापडत नाही. प्रसूतीच्या केसपेपरवर पतीचं नाव असतं, मोबाईल नंबर असतो, वयाचा रकाना नसतो. प्रसूतिकक्षाच्या दाराशी त्याला ‘बाहेर थांबा’ म्हणतात, आणि आत बोलावतात ते सही, आधारची झेरॉक्स नाहीतर रक्ताची पिशवी यांसाठी. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बहुतेक वेळा तो तिथंही नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या, देशात २३.३. पंधरा ते एकोणीसच्या मुलींमध्ये आई झालेल्या किंवा गरोदर किती, हेही त्यात मोजतात. पण त्याच वयाचे बाप किती, याला तसा ठळक आकडा नाही. मराठवाड्यात, विशेषतः बीडकडे, याचं एक कारण उसाच्या फडात आहे. तोडणीला मजूर मोजतात तो कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. मग हंगामाआधी पोराचं लग्न उरकलं की घरात एक कोयता वाढतो. परदेशी संशोधनातला विशीच्या आतला बाप बहुधा अविवाहित असतो, त्याच्या प्रश्नावलीत मैत्रिणीचे आईवडील, शाळा, पोटगी येतं. ती इथं भाषांतर करून चालत नाही. इथला बाप लग्न झालेला, एकत्र घरातला, आणि बाळाविषयीच्या निर्णयांत बसायला जागाच नसलेला आहे.

त्यामुळे वेळापत्रक हंगामावर बेतायचं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या जातात, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुलाखती मे ते जुलैत उरका, कारण विश्लेषण करून त्यांच्याकडे पुन्हा जायचं आहे आणि ते दसऱ्याच्या आत व्हायला हवं. शोध आशाताईंमार्फत घ्यायचा, पण एकाच पायरीपुरता. ताईंनी फक्त माहितीपत्रक आणि फोन नंबर द्यायचा, होकार मुलाने स्वतः कळवायचा. ताईंनी हाताला धरून आणलेला मुलगा ‘नाही’ म्हणू शकत नाही. उद्या लस आणि कार्डासाठी त्याला त्यांच्याचकडे जायचं असतं.

‘चांगलं वाटलं’च्या पलीकडे

घरी मुलाखत घेऊ नका. वडील खाटेवर बसतात, आई दाराआड उभी राहते आणि उत्तरं तीच देते. अंगणवाडीत बायकांची ये-जा असते. शाळा सुटल्यावरचा जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा बरा, किंवा बांधावरचं झाड, फक्त वारा असेल तर रेकॉर्डरला कापसाचा बोळा लावा. मुलाखत घेणारी बहुधा बाईच असते, नर्सिंगला तेच जास्त. ‘मॅडम’ म्हणून तो आधीच आखडलेला असतो. आपण एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘दादा’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचं. घरात त्याला अजून कुणी ‘तुम्ही’ म्हणत नसतं, आणि त्याने फरक पडतो.

‘बाप झाल्यावर कसं वाटलं?’ हा प्रश्न मेलेला आहे. उत्तर येतं: चांगलं वाटलं. पुढे काय? ‘जबाबदारी वाढली.’ सगळे हेच म्हणतात, कारण सगळ्यांना हेच सांगितलेलं असतं. हा शब्द आला की थांबायचं नाही, उलगडायला लावायचं. ‘बाळ झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ याने सुरुवात चांगली होते. त्याला फड आठवतो, ट्रॅक्टर आठवतो, फोन कुणाचा आला ते आठवतं. ‘कालच्या दिवसात बाळासाठी हातानं काय काय केलं?’ हा दुसरा. ‘लेकरू पहिल्यांदा उचललं ते कुणी सांगितलं म्हणून, की आपणहून?’ हा तिसरा. अशा प्रश्नाला तो गप्प बसला तर बसू द्या. दहा सेकंद मोजा. नवशिकी मुलाखतकार चौथ्या सेकंदाला बोलून टाकते.

पाऊण तासाची मुलाखत अक्षरशः उतरवायला बोलीसकट पाच-सहा तास लागतात. ‘हाव’, ‘न्हाई’, हसू, थांबा, सगळं उतरवायचं. संकेतांकन (उताऱ्यांना अर्थाची लेबलं लावणं) मराठीतच करा, इंग्रजी फक्त प्रबंधात द्यायच्या उताऱ्यांचं. आधी सगळं इंग्रजी करून मग अर्थ काढायला बसलं, की ‘खर्च’, ‘भार’, ‘जबाबदारी’, ‘बोजा’ या चारींचं एकच ‘बर्डन’ होतं आणि विश्लेषण तिथंच संपतं. आणि कुणी रडला, झोप लागत नाही म्हणाला, तर रेकॉर्डर बंद. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशनाची वेळ आधीच खिशात हवी.

मग चौकट कुठं बसवायची?

विश्लेषण कोलायझीच्या, मुलाखतींतून अर्थ काढण्याच्या, सात पायऱ्यांनी करायचं ठरलं, तर वाद उभा राहतो. वर्णनात्मक फिनॉमिनॉलॉजीत, म्हणजे जगलेल्या अनुभवाच्या अभ्यासात, आपल्या पूर्वकल्पना बाजूला ठेवायच्या, तत्त्वज्ञ हुसर्लच्या भाषेत कंसात टाकायच्या. आणि सिनॉप्सिसचा नमुना म्हणतो चौकट जोडा. थिअरी डोक्यात घेऊन गेलो, तर तिच्याच खणांत उत्तरं पडतात. मर्सरची मातृभूमिकेची मांडणी घेऊन ‘माता’च्या जागी ‘पिता’ लिहिण्याचा मोह सर्वांना होतो. तिचा पाया मात्र आईच्या अनुभवावर आहे, तो तसा उचलता येत नाही.

आम्हाला पटलेला मार्ग असा: सिनॉप्सिसमध्ये मेलाइस आणि सहकाऱ्यांची २००० सालची संक्रमणाची (माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो त्याची) मांडणी दृष्टिकोन म्हणून नोंदवायची, तिचे घटक मुलाखतीच्या मार्गदर्शिकेत घालायचे नाहीत, आणि विषयसूत्रं (मुलाखतींतून पुढे येणारे मुख्य अर्थ) निघाल्यानंतर चर्चेच्या प्रकरणात ती उघडायची. तेव्हा ती चोख काम देते. तिच्यात संक्रमणाचे प्रकार आहेत: विकासाचं, परिस्थितीचं, आरोग्य-आजाराचं, संस्थेचं. या मुलाचं वाढत्या वयातून बाहेर पडणं आणि बाप होणं, दोन्ही एकाच वर्षात एकावर एक आलेली असतात. तिच्यात ‘जाणीव’, ‘सहभाग’, ‘कळीचे प्रसंग’, ‘पूर्वतयारी’ असे शब्द आहेत. समजा कुणी म्हणालं: ‘पोरगी माहेरी झाली, मी फडात होतो, पाडव्याला बघितली.’ हे महत्त्वाचं विधान. काढलेला अर्थ: बाप झाल्याची बातमी आणि बाप असल्याचा अनुभव यांत काही महिन्यांचं अंतर. विषयसूत्र: उशिरा पोचलेलं बापपण. इथवर मेलाइस लागत नाही. पण ती उघडल्यावर प्रश्न पडतो, की या मुलाचा कळीचा प्रसंग कोणता? आपण प्रसूती धरून चाललो होतो. त्याच्यासाठी तो पाडवा असू शकतो. मग समुपदेशन प्रसूतीच्या वेळी ठेवून उपयोग काय? हा प्रश्न इनपुट-आउटपुटच्या चौकोनांनी कधी विचारला नसता.

चौकट खरी की चिकटवलेली, याची सोपी परीक्षा आहे. ते पान काढून टाका आणि बघा, प्रबंधातला एखादा प्रश्न, एखादं सूत्र, एखादी शिफारस बदलते का. काही बदलत नसेल तर पान नसलेलंच बरं. व्यवहाराचं एक कारणही आहे. साहित्यचौर्याच्या तपासणीत याच प्रकरणाचे परिच्छेद सगळ्यांत जास्त रंगतात, कारण सगळ्यांनी एकाच जागचे उतरवलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं. बर्टालान्फीचे दोन परिच्छेदच त्यातला बराच भाग खातात.

सातवी पायरी परत जाण्याची. काढलेलं वर्णन सहभागींना दाखवून ‘हे तुमचंच आहे का?’ विचारायचं. चार पानं हातात दिली तर ते ‘बरोबर आहे’ म्हणून परत देतात. एका पानात, त्यांच्याच शब्दांत, वाचून दाखवा. आणि ‘बरोबर आहे का’ असं विचारू नका, ‘यात काय राहिलं’ विचारा. सप्टेंबरच्या शेवटी गावात उचलीची बोलणी सुरू झालेली असतात, मुलगा घाईत असतो. त्याचा हंगामातला नंबर वेगळा असतो, तो लिहून घ्या. नावांची आणि संकेतांकांची जोडणारी यादी ध्वनिमुद्रणांपासून वेगळ्या कुलपात ठेवा. आणि कमिटीला ध्वनिमुद्रणं पुसण्याची जी तारीख लिहून दिली आहे, ती गाईडच्या कॅलेंडरवर आजच टाका.